पांढऱ्याला रंग कुठला

“पण सर, पांढऱ्या जागेला रंग कुठला द्यायचा?”

मोमीन सर चष्म्याची काच शर्टाच्या टोकानं पुसत होते. पुसतच राहिले. मीच पुढं बोलले.

“काळा दिला तर कुणी गेल्यासारखं दिसतं. करडा दिला तर आजारी दिसतं. आणि तसंच पांढरं सोडलं, तर ज्युरी म्हणणार, वा, काय मोकळी जागा सोडलीय.”

“मग?”

“मग काय... तेच विचारतेय. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.”

“रंगासाठी?”

“रंगासाठी,” मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. पण सगळं खरंही नव्हतं.

आमचं डिझाइन कॉलेज जयसिंगपूरच्या बाहेर, एका जुन्या तंबाखूच्या वखारीत भरतं. तंबाखू कधीच गेली, वास राहिलाय. नवीन माणूस आत आला की आधी शिंकतो, मग नमस्कार करतो. मोमीन सर तिथं माहितीची चित्रं काढायला शिकवतात, म्हणजे नोंदी आणि आकडे डोळ्यांना दिसतील अशा रूपात मांडायला. त्याआधी ते पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. मुलं म्हणतात, सरांना एक प्रश्न विचारायला जावं आणि दोन घेऊन यावं.

या सत्राला विषय होता स्वतःची माहिती. आपल्या जगण्यातलं काहीतरी रोज टिपायचं आणि त्याचं चित्र करायचं. यशोधननं आपल्या मोबाइलच्या बॅटरीची डोंगररांग काढली होती. चार्ज संपला की दरी. शर्वरीनं आपल्या रागाचा गालिचा विणला होता. त्यात वडिलांचा रंग कुठला, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांना कळलं होतं. ही सगळी माझ्यापेक्षा खूप लहान. लग्न आणि बाळंतपण यांच्यामध्ये माझं शिक्षण अर्धवट राहिलं, ते पुरं करायला मी परत आले. पोरं मला केतकीताई म्हणतात आणि माझा डबा खातात.

मी विषय घेतला होता माझ्या मुलीचा. ऋचा तिचं नाव. तीन वर्षांची होईल आता. मोठ्या हौसेनं नाव ऋचा ठेवलं, आणि ती बोलत नाही.

अगदीच नाही असं नाही. दूध म्हणते. नको म्हणते. गाडी म्हणते. पण शब्दाला शब्द जोडत नाही. कान तपासले, कान उत्तम आहेत. सासूबाई म्हणतात, माझा नवरा निनादही उशिराच बोलला, आणि आता गप्प बसवावं लागतं. ते ऐकून जरा बरं वाटतं. मग दिवे मालवले की वाटतं, ही कधी बोललीच नाही तर?

सोमवारी तिला सांगलीला बोलण्याच्या डॉक्टरांकडं न्यायचं होतं. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, काय काय बोलते ते टिपून आणा. मी मनात म्हटलं, बाई, तुम्ही नुसत्या बघत राहाल. असं टिपून आजवर कुठल्याही आईनं आणलं नसेल.

हे मनात आलं होतं खरं. आता लिहिताना जरा कसंतरी होतंय.

तर त्या शनिवारी पाळणाघराला सुट्टी, म्हणून ऋचाला घेऊनच कॉलेजात आले होते. दुपारी आमची कामं तपासायला बाहेरची ज्युरी यायची होती. ऋचा सरांच्या टेबलाखाली कागदाच्या कात्रणांत बसली होती. मी टेबलावर माझा तक्ता उलगडला. लांबच्या लांब गुंडाळी, लग्नाच्या पंगतीत टेबलावर कागद पसरतात तशी. दिवसाला एक उभी पट्टी. वस्तूचा शब्द आला की निळा ठिपका, माणसाच्या नावाला लाल, नकाराला पिवळा. डावीकडं ठिपके बऱ्यापैकी होते. उजवीकडं जाता जाता विरळ होत गेले, आणि शेवटी पांढरंच पांढरं.

सरांनी चष्मा चढवला. डावीकडून उजवीकडं चालत गेले. परत आले.

“हे पांढरं म्हणजे काय?”

“बोलली नाही.”

“हे?” त्यांनी एका रिकाम्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

“तेव्हा मला ताप होता. ती आजीकडं होती.”

“आणि हे?”

“तेव्हा मी इथं होते, सबमिशनला. संध्याकाळी घरी गेले तर ती झोपली होती.”

“मग ती बोलली नाही, का तू ऐकलं नाहीस? दोन्ही पांढरंच?”

मी म्हटलं, “सर, ठिपका नाही म्हणजे नाही.”

सरांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

“खात्यात होतो तेव्हाची गोष्ट. एका नकाशात डोंगराच्या पल्याड एक पट्टा कोरा होता. आमचे साहेब म्हणाले, इथं पाणी नाही, पुढं चला. मी म्हटलं, साहेब, पाणी नाही असं नाही. तिथं अजून कुणी गेलेलं नाही.”

“मग पाणी होतं तिथं?”

“मला काय माहीत? मलाही कुठं पाठवलं.”

सर असंच करतात. आपण वर बघत असतो, आणि हे शिडी काढून घेतात.

मी विचारलं, “म्हणजे दोन पांढरे वेगळे दाखवू? एकाला रेघा, एकाला टिंबं?”

“ते नंतर. खाली कोपऱ्यात बारीक काय लिहिलंयस?”

“पद्धत. नोंदी कशा घेतल्या त्याचे नियम.”

“वाच की.”

“सगळे?”

“मोठ्यानं वाच. मला एवढं बारीक दिसत नाही.”

दिसत होतं. मुंगीच्या पायाएवढं अक्षर काढणारा माणूस तो. पण मी वाचायला लागले, आणि खरं सांगायचं तर जरा ऐटीतच. त्या नियमांवर मी फार मेहनत घेतली होती.

“मुलानं आपणहून उच्चारलेला शब्दच धरावा. दुसऱ्याच्या मागून म्हटलेला धरू नये.”

“बरं.”

“गाण्यातला शब्द धरू नये. रडताना आलेला धरू नये.”

“रडताना काय म्हणते?”

“आई.”

टेबलाखाली कागद फाटल्याचा आवाज झाला. सरांनी थोडं वाकून बघितलं.

“ते धरलं नाहीस?”

“ते शब्द म्हणून येत नाही ना सर. ते रडणंच असतं. नुसतं आईच्या आकाराचं.”

“पुढं.”

“शब्दकोशात नसलेला आवाज धरू नये. उदाहरणार्थ हूं, अं, टाटा. शब्द संशोधकानं स्वतः ऐकलेला असावा. इतरांनी सांगितलेला धरू नये.”

“इतर कोण?”

“सासूबाई. त्या म्हणतात, मागच्या दारात कुत्रं आलं तर ही त्याला ‘हाड’ म्हणाली. मी तिथं नव्हते. म्हणून धरलं नाही.”

“खोटं बोलतात का त्या?”

“छे. पण जीव आहे त्यांचा तिच्यावर. जीव असला की माणसाला जास्तीचं ऐकू येतं.”

“आणि तुला?”

मी बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं.

“वाच. थांबलीस का?”

“शेवटचा एकच राहिलाय. संशोधकानं मुलाला शब्द सुचवू नये. आपण बोलून नोंद बिघडवू नये.”

वाचलं आणि मान वर केली. हा नियम सरांना आवडेल असं मला वाटलं होतं. याच वर्गात शिकवलं होतं त्यांनी: मोजायला जाल तर मोजताना ढवळू नका, तळ ढवळून पाण्याची खोली कळत नाही.

सरांनी विचारलं, “हा संशोधक कोण?”

“मीच.”

“तुमच्या घरातच राहतो?”

“हो.”

“मग घरात बोलतो काय हा?”

मला हसू आलं. मग आलं तसं गेलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “म्हणजे जेव, झोप, असं. बाकी नाही बोलत. मी ‘हा बघ काऊ’ म्हटलं आणि ती ‘काऊ’ म्हणाली, तर तो शब्द तिचा का माझा? नोंद अशुद्ध होते. म्हणून मी... थांबते. ती काय म्हणते ते ऐकायला.”

“आणि ती?”

“ती पण थांबते.”

हे वाक्य माझ्याच तोंडून आलं. मी ते आधी कधी ऐकलं नव्हतं.

सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, पोरीला वाढवतेयस का तिचा पेपर तपासतेयस? तेव्हा मी त्यांना शुद्ध नोंद म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं. चांगलं सविस्तर. त्या भाजी निवडत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, बरं बाई, आम्ही अशुद्ध.

सरांनी कपाटातून ट्रेसिंग पेपरची गुंडाळी काढली. एक लांब तुकडा फाडून माझ्या तक्त्यावर पसरला. खालचे ठिपके धुक्यातून दिसावेत तसे दिसायला लागले.

“नकाशे असेच व्हायचे. नदीचा एक थर, रस्त्यांचा एक, शेतांचा एक. नुसता एकच थर बघून कुणी धरण बांधलं नाही.” त्यांनी पेन्सिल माझ्यापुढं ठेवली. “हा थर तुझा. त्या त्या दिवशी तू काय बोललीस ते काढ.”

“ते मी टिपलं नाही.”

“आठवेल ते काढ.”

मी पेन्सिल घेतली. डावीकडून सुरुवात केली. डावीकडचं आठवलं. आंघोळीच्या वेळी मी तिला पाण्याची सगळी नावं सांगायचे, गरम, गार, कोमट, आणि ती हात आपटायची. गॅलरीतून येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं सांगायचे. इडली वाफेतून काढताना इडलीशी बोलायचे, तिच्या देखत. तेव्हा विषय ठरून नोंदी नुकत्याच सुरू झाल्या होत्या. नियम नंतर आले. मी ठिपके दिले. भराभर दिले. मग हात उजवीकडं गेला...

हात थांबला.

वरच्या कागदावर काही नाही. खालच्या कागदावर काही नाही. वरचं पांढरं खालच्या पांढऱ्यावर अगदी नीट बसलं होतं.

“ताई, खिळे पाहिजेत का?” यशोधन दारात उभा होता, हातात हातोडी. “ज्युरीची गाडी अंकलीच्या पुलापर्यंत आलीय. शर्वरीचा गालिचा खाली येतोय सारखा, राग जड झालाय.” मग त्याची नजर टेबलावर गेली. तो जवळ आला. “भारी झालंय हे. एकदम शांत. ही उजवीकडची बाजू तर... बघतच राहावं.”

“जा रे,” सर म्हणाले.

“टेप ठेवू?”

“टेप ठेव आणि जा.”

तो टेप ठेवून गेला.

मी खाली बसले. खुर्ची होती, पण जमिनीवरच बसले. टेबलाखालून ऋचा माझ्याकडं बघत होती. तिच्या केसात कात्रणं होती.

“म्हणजे माझ्यामुळं,” मी म्हटलं.

“काय?”

“ही बोलत नाही ते. माझ्यामुळं.”

“असं मी म्हटलं?”

“चित्रात दिसतंय सर.”

“चित्रात काय दिसतंय?”

“मी गप्प झाले आणि ती गप्प झाली.”

“का ती गप्प झाली म्हणून तू झालीस? का दोघी कशानं तरी तिसऱ्यानंच झालात?”

“मला माहीत नाही.”

“मघाशी तुझा एक तक्ता होता, पोरीत काहीतरी कमी आहे म्हणणारा. आता लगेच दुसरा काढलास, आईत कमी आहे म्हणणारा. शाई तरी वाळू दे.”

“मग खरं कुठलं?”

वखारीच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती, त्यांच्या नखांचा आवाज येत होता.

मला राग आला. कुणाचा ते कळेना. वाटलं, या माणसाला सांगायला काय जातं? एकदाचं सांगून टाकावं, हो तुझी चूक, म्हणजे मी रडेन आणि मोकळी होईन. किंवा नाही म्हणावं, म्हणजे मी रंग निवडेन. यांचं हे ना इकडं ना तिकडं.

“सर, मी सोमवारी डॉक्टरांना काय दाखवू?”

“पोरगी.”

“आणि हा तक्ता?”

“तोही ने. घडी मोडू नको.”

“पण तो चुकलाय.”

“चुकला नाही. त्यात जे आहे ते आहे. जे नाही, ते नाही असं लिहिलेलं नाही, एवढंच.”

मला नीट कळलं नाही. मी मान हलवली. न कळता मान हलवण्याची मला शाळेपासून सवय आहे. सरांना न फसण्याची.

ते गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू खाली बसले. गुडघे कडकडले. ऋचानं त्या आवाजाकडं बघितलं. सरांनी तिच्याकडं बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडं बघत बोलायला लागले, जणू भिंतीलाच सांगतायत.

“एक होता डोंगर.”

टेबलाखाली कात्रणं सळसळायची थांबली.

“डोंगर होता लई आळशी. सारखा बसलेला.”

“हूं,” टेबलाखालून आलं.

“त्याच्या अंगावर होती एक वाट.”

“हूं.”

“वाटेला झाली होती घाई. ती म्हणाली, मी चालले बाजारला. डोंगर म्हणाला, जा बाई.”

“हूं.”

हा हुंकार मला नवा नव्हता. घरी सासूबाई गोष्ट सांगतात तेव्हा आतल्या खोलीत मला तो ऐकू यायचा. गोष्ट सांगणाऱ्याला हूं द्यायचं असतं, नाहीतर गोष्ट थांबते, हे तिला त्यांनीच शिकवलंय. मी शेजारच्या खोलीत ठिपके रंगवत असायचे, आणि भिंतीपलीकडून हूं, हूं यायचं. बरोबर वाक्य संपलं की. कधी आधी नाही, कधी नंतर नाही.

“सर, हूं हा शब्द धरायचा का?”

“तुला काय वाटतं?”

“शब्दकोशात बघितलं तर...”

“शब्दकोशाला कधी गोष्ट सांगितलीस? देतो का तो हूं?”

डोंगर आणि वाट तिथंच राहिली. ऋचानं टेबलाखालून मान बाहेर काढली.

“पुढं काय झालं सर?” मीच विचारलं.

“मला पुढचं येत नाही. तू सांग.”

“मला ही गोष्ट माहीत नाही.”

“मलाही नव्हती.”

“सर, बाहेर ज्युरी आली असेल.”

“असेल.”

“मला आत्ता काही सुचत नाहीये.”

“मग दुसरी सांग.”

मला एकही गोष्ट आठवेना. मी लहानपणी ऐकलेल्या, तिच्यासाठी विकत आणलेल्या पुस्तकांतल्या, सगळ्या कुठं गेल्या कोण जाणे. आणि मनात तो संशोधक बसलेला होताच. तू बोललीस तर पुढचा शब्द तुझा धरायचा का तिचा? आणि ती काहीच बोलली नाही तर? सरांच्या देखत बोलली नाही तर? घरच्या घरी पांढरं राहिलं तर ते मी गुंडाळून ठेवू शकते. इथं कुठं ठेवू...

“एक होती...” मी म्हटलं.

“हूं.”

एक होती कोण? मी इकडंतिकडं बघितलं. भिंतीवर काही नव्हतं. वर बघितलं. वखारीच्या लाकडी तुळईवर, छपराला लागून, एक पांढरं मांजर बसलेलं होतं. पाय पोटाखाली घेऊन, हलत नाही, डुलत नाही. कबुतरांच्या नादानं चढलं असावं.

“एक होतं मांजर,” मी म्हटलं. “ते बघ. वर बघ. तिकडं.”

मी सुचवत होते. बोट दाखवून, शब्द देऊन, सगळे नियम मोडून. ऋचा टेबलाखालून रांगत बाहेर आली, माझ्या मांडीवर हात टेकून उभी राहिली आणि वर बघायला लागली.

“हूं.”

“ते मांजर वर चढलं. एवढ्या उंच. कसं चढलं देव जाणे.”

“हूं.”

“मग ते दमलं. कुणाशी बोललं नाही. म्यावसुद्धा म्हणालं नाही. मग...”

मला पुढचं सुचेना. मी सरांकडं बघितलं.

“माझ्याकडं काय बघतेस?” ते हळू आवाजात म्हणाले. “गोष्ट तिकडं आहे.”

बाहेर खुर्च्या सरकल्याचे, लोक आल्याचे आवाज आले. कुणीतरी शिंकलं. लगेच दुसरं कुणी शिंकलं. ज्युरीच ती. यशोधनचा आवाज आला, या मॅडम, इकडून या, हा गालिचा आहे, हात लावू नका. आता कुठल्याही क्षणी दार उघडणार होतं, आणि माझा तक्ता टेबलावर पडला होता, वर तो धुकट कागद, त्यावर अर्धवट पेन्सिल. भिंतीवर लावायचा राहिलेला. रंग द्यायचा राहिलेला.

मी उठणार होते. ऋचाच्या हाताचं वजन मांडीवर होतं. एवढासा हात, पण उठता येईना.

गोष्ट उरकायची म्हणून मी म्हटलं, “मग ते मांजर तिथंच झोपून गेलं. संपली गोष्ट.”

हूं आलं नाही.

मी थांबले. ऋचाची मान अजून वरच होती, तोंड थोडं उघडं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग परत तुळईकडं. कपाळाला आठी पडली. निनादला कुणी चुकीचा पत्ता सांगितला की पडते तशी.

तिनं बोट वर केलं.

“झोपलं नाय,” ती म्हणाली. “बघतंय.”